श्रुतिकाचा नंबर

नातीनं जे केलं ते रत्नप्रभाच्या डोक्यातून जात नव्हतं. अक्षय तृतीयेचा दिवस. दारात मांडव घातलेला, पूजा नुकतीच आटपलेली, यारी रोडच्या बिल्डिंगींतली माणसं आपापली कुत्री-मांजरं घेऊन आलेली, वेसावे कोळीवाड्यातल्या निम्म्या बायका सोनं घालून खुर्च्यांवर बसलेल्या. या सगळ्यांच्या देखत श्रुतिकानं एक खुर्ची ओढली, वर चढली आणि काकाच्या नव्या दवाखान्याच्या बोर्डावरचा नंबर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसून टाकला. तोंडातून शब्द नाही काढला. नंबर पुसला, खाली उतरली, हात धुतले आणि प्रसाद घेतला. प्रसाद घेतला याचंच रत्नप्रभाला जास्त लागलं. राग आला तर माणसानं उपाशी निघून जावं. शिरा खाऊन कोण भांडतं?

रत्नप्रभानं सत्तरी ओलांडली होती. शाळा दुसरीपर्यंत. मग पन्नास वर्षं मासळीची टोपली डोक्यावर. नवऱ्याच्या मागं तिनं दोन बोटी राखल्या, मुलगे वाढवले, बाजारात जागा टिकवली, आणि अजून घरात भात किती टाकायचा इथपासून बोट कधी ओढायची इथपर्यंत तिचाच शब्द चाले. श्रुतिका तिच्या थोरल्याची, रामचंद्रची मुलगी. घरातली पहिली डॉक्टर. जनावरांची डॉक्टर आहे म्हटल्यावर आधी रत्नप्रभानं नाक मुरडलं होतं, पण पोरगी साडेपाच वर्षं शिकली, राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत तिचं नाव चढलं, नंबर मिळाला, तेव्हा त्या सर्टिफिकिटाला फ्रेम करून एकवीरा आईच्या तसबिरीशेजारी लावायचा हुकूम रत्नप्रभाचाच. अक्षरं तिला जड जात, आकडे नाही. तो नंबर तिला पाठ होता. आल्यागेल्याला ती म्हणून दाखवी.

धाकटा प्रीतम. त्याला समुद्र लागायचा, म्हणून तो किनाऱ्यावर धंदे करायचा. मोबाइलचं दुकान झालं, केटरिंग झालं. आता सुक्या मासळीच्या जुन्या गोदामाला टाइल्स लावून त्यानं जनावरांचा दवाखाना काढला होता. बसायला सुबोध नावाचा माणूस आणला. अकरा वर्षं कुठल्याशा डॉक्टरकडे कुत्र्यांची तोंडं धरून उभा राहायचा तो. पांढरा कोट घातला की बरा दिसायचा.

"बोर्डावर नंबर लागतो, आये," प्रीतमनं सांगितलं होतं. "नंबर नसला तर सरकार बसू देत नाही. सुबोधकडे नाही. आपल्या श्रुतिकाकडे आहे."

"मग लाव की. विचारतोस काय?"

रत्नप्रभाला यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. बोटीला सरकारी नंबर असतो. बोटीच्या तोंडाशी, नाळेवर, दोन्ही बाजूंना तो मोठा लिहायचा, म्हणजे गस्तीवाल्यांना लांबून दिसतो. आता बोट घेऊन रोज तोच तांडेल जातो थोडाच? एकाला ताप आला की त्याचा भाऊ जातो, भाऊ नसला तर मेव्हणा. नंबर बोटीचा, बोट घराची. मग नातीला मिळालेला नंबर घराचा नाही तर कोणाचा?

म्हणून नंबर पुसला त्याच संध्याकाळी तिनं अंबादासला बोलावून घेतलं. वेसाव्यातल्या निम्म्या बोटींचे नंबर त्याच्या हातचे.

"बोर्डावर नको लिहूस," ती म्हणाली. "भिंतीवर लिही. बोटीच्या रंगानं. वितभर उंच अक्षर काढ. आणि दरवाजाच्या दोन्ही बाजूंना."

"दोन्ही बाजूंना कशाला, मावशी? दवाखाना काय हलणाराय?"

"यारी रोडकडून येणाऱ्याला एक दिसेल, बंदराकडून येणाऱ्याला दुसरा. तू ब्रश चालव, तोंड नको."

सकाळी श्रुतिका कामावर निघाली आणि गल्लीत थबकली. डावीकडे नंबर, उजवीकडे नंबर, निळ्यावर पांढरा, वर तिचं नाव. सुटायला आलेल्या बोटीसारखा दवाखाना झळकत होता.

"हे कोणी लिहिलं, आजी?"

"मी. आता पूस बघू."

"आजी, हा नंबर माझा आहे. दुकानाचा नाही, काकाचा नाही, घराचा पण नाही. मी तिथं बसणार नसेन तर तो तिथं राहू शकत नाही."

"आणि तू कोणाची गं? आभाळातून पडलीस?"

श्रुतिका परत आत गेली. भिंतीवरची फ्रेम काढली, टॉवेलात गुंडाळली, दोन ड्रेस पिशवीत भरले आणि मुलुंडला मैत्रिणीकडे राहायला गेली. तिकडच्याच जनावरांच्या हॉस्पिटलात ती नोकरीला होती. जाताना काकाला सांगून गेली, आठ दिवसांत नंबर निघाला नाही तर मी स्वतः परिषदेला कळवीन.

सातव्या दिवशी प्रीतमनं दोन्ही नंबरांवर कुत्र्याच्या खाण्याची मोठी पोस्टरं चिकटवली, मोबाइलवर फोटो काढला, नंबर काढला असं लिहून श्रुतिकाला पाठवला आणि पोस्टरं उतरवून गुंडाळून ठेवली. समोरच्या ओट्यावर बसून रत्नप्रभानं हे पाहिलं. पाहून हसलीसुद्धा. पोरगी आणखी चार दिवस रागावेल, मग येईल माघारी, असं तिला वाटत होतं.

पोरगी आली नाही. दवाखाना मात्र चालला. रत्नप्रभा रोज सकाळी ओट्यावर पाट टाकून बसायची. टॉवरमधल्या मडमा यायच्या, कडेवर झिपरी कुत्री, टोपलीत मांजरं. सुबोध आदबीनं बोलायचा, झटकन टोचायचा, शिक्का मारून दाखला द्यायचा. "डॉक्टर श्रुतिका मॅडम संध्याकाळी येतात," कोणी विचारलं तर असं सांगायचा. दोन्ही बाजूंचा नंबर उन्हात चकाकायचा आणि रत्नप्रभाची मान ताठ व्हायची.

आषाढ लागला. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्र्या टाकल्या होत्या, रामचंद्र अंगणात जाळी घेऊन बसला होता, तेव्हा पोस्टमन श्रुतिकाच्या नावाचं रजिस्टर पत्र घेऊन आला. पाकिटावरचा सरकारी शिक्का बघून रामचंद्रनं लेकीला फोन लावला. ती दुपारपर्यंत आली. दोन महिन्यांनी घरात पाऊल टाकत होती, तरी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या पत्र वाचलं आणि मग खाली बसली.

"काय म्हणतायत?" रत्नप्रभानं विचारलं.

"सात बंगल्याला कोणी वसुधाबाई आहेत. मांजर घेऊन विमानानं मुलाकडे चालल्या होत्या. मांजराच्या दाखल्यावर माझं नाव, माझा नंबर, माझी सही. विमानतळावरच्या डॉक्टरांना शंका आली म्हणून त्यांनी मला हॉस्पिटलात फोन केला. मी म्हटलं, हे मांजर मी कधी पाहिलेलं नाही. आता त्या बाईंनी तक्रार केलीय की मी न बघता दाखले विकते." तिनं पत्र घडी केलं. "पंधरा दिवसांत चौकशी. माझं नाव यादीतून का काढू नये ते सांगा म्हणतात."

"दंड असेल. बोटीचा नंबर पुसट झाला तरी दंड करतात. भरेल प्रीतम."

"इथं दंड भरून भागत नाही, आजी. बोट गेली तर नवी बोट बांधतात, तिला नवा नंबर मिळतो. माझा गेला तर मी डॉक्टरच नाही. मांजराच्या कानात औषध घालायचा पण मला हक्क नाही. साडेपाच वर्षं शिकले ते शिकलेच नाही म्हणायचं."

प्रीतम दारात येऊन उभा होता. रंग उडालेला. पण बोलायला तो कधी मागं नव्हता.

"सोपं आहे ना यार," तो म्हणाला. "श्रुतिका, तू लिहून दे की सही माझीच. मांजर बघितलं होतं, विसरले. एवढ्या जनावरांत एक मांजर विसरायला होतं. विषय संपला. नाही तर पोलीस माझ्या दारात येतील, आये. आणि बाकी कोणाचं काय बिघडलंय? लसच तर टोचली. खरी लस होती, बाजारातून आणलेली."

"कशात ठेवली होती?" श्रुतिकानं विचारलं.

"कशात म्हणजे? खोक्यात."

"लस थंडच ठेवावी लागते, काका. बाटलीत भरल्यापासून सुईत जाईपर्यंत. उन्हात राहिली की ती लस नसते, पाणी असतं. ज्यांना टोचलंय त्यांच्या घरचे समजतायत आपलं जनावर सुरक्षित आहे. उद्या पिसाळलेलं कुत्रं चावलं तर ते जनावर जाणार, आणि ते ज्याला चाटेल तो पण."

रत्नप्रभा इतका वेळ भिंतीला टेकून होती, ती सरळ झाली. तिच्या डोळ्यांसमोर ते खोकं आलं. गोदामाची पश्चिमेची खिडकी, खिडकीच्या कठड्यावर पांढरं खोकं, आणि दुपारी तीन वाजल्यापासून त्याच्यावर ऊन. वैशाखाचं ऊन. महिनाभर तिनं ते समोर बसून पाहिलं होतं.

आणि ही रत्नप्रभा कोण? जिनं पन्नास वर्षांत बर्फाशिवाय एक हलवा मासा विकला नव्हता. शेजारच्या बाजारवालीनं कालचं पापलेट आजचं म्हणून दिलं तर तिच्याशी सहा महिने न बोलणारी. बर्फ संपला तर गिऱ्हाईक परत पाठवणारी. तिच्या दारात, तिच्या गोदामात, तिनं लिहून घेतलेल्या नंबराखाली एक माणूस दोन महिने लोकांना नासलेला माल देत होता, आणि ती समोर बसून मान ताठ करत होती.

"सुबोध कुठाय?" तिनं विचारलं.

सुबोध सकाळीच गेला होता. कोट खुंटीला होता, फोन बंद होता.

"किती जनावरांना टोचलं त्यानं?"

"कोण लिहून ठेवतंय, आये. वीस असतील, तीस असतील."

"सव्वीस," रत्नप्रभा म्हणाली. "शिक्का आण."

"कसला शिक्का?"

"प्रीतम, मी तुला नऊ महिने पोटात ठेवलाय. शिक्का आण."

त्यानं आणला. श्रुतिकाच्या नावाचा रबरी शिक्का, निळ्या शाईनं माखलेला. रत्नप्रभानं तो पदराच्या टोकात बांधला.

"आये, तू मला आत घालणार?" प्रीतमचा आवाज चिरकला. "पोटच्या पोराला?"

"तू आत गेलास तर डबा घेऊन मी येईन. बोंबिलाचं कालवण पण आणीन. पण ही खोटं लिहून देणार नाही. आणि हिला कोणी सांगायचं पण नाही, तूही नाही, मीही नाही."

रामचंद्र जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "बरोबर."

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभानं टोपली काढली. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांसाठी ठेवून दिली होती. मासेमारी बंदीचे दिवस, ताजं म्हावरं नाही, म्हणून तिनं सोडे, सुकट आणि वाकट्या अशी सुकी मासळी भरली, कासोटा आवळला आणि यारी रोडला निघाली. श्रुतिका मागून धावत आली.

"आजी, नावं माहीत नाहीत, फ्लॅट माहीत नाहीत. तू जाणार कुठं?"

"तुला नावं लागतात. मला कालवण पुरतं."

खरंच तसं होतं. दवाखान्यात आलेली सव्वीसच्या सव्वीस जनावरं तिला मालकांसकट आठवत होती, कारण त्यातल्या बहुतेक घरांना तिनं किंवा तिच्या सुनांनी मासळी दिली होती. काळ्या मोठ्या कुत्र्याची मालकीण सुरमईचा मधला तुकडा घेणारी, डोकं कधीच नेत नाही. दोन सारख्या मांजरांची आई मांदेली मागते, ती मांजरांनाच घालते. पांढरं केसाळ कुत्रं गुरुवार पाळणाऱ्या घरातलं. तीन घरं शाकाहारी निघाली. ती तिला त्यांच्या नाक मुरडण्यावरून आठवत होती.

पहिल्याच टॉवरच्या गेटवर वॉचमननं फोन पुढं केला. "मावशी, ॲपवर नंबर टाका. मॅडम हो म्हणाल्या तर आत."

"मी या जागेवर खाडी होती तेव्हापासून येते. तेव्हा तुझा ॲप कुठं होता, आणि तू कुठं होतास?"

वॉचमननं लिफ्ट दाखवली.

दार उघडलं की ती आधी टोपली खाली ठेवायची, मग बोलायची. गोल गोल नाही. "ताई, तुमच्या कुत्र्याला माझ्या दारात जी लस टोचली ती खराब होती. टोचणारा डॉक्टर नव्हता. दाखल्यावर माझ्या नातीचं नाव आहे, तिनं तुमचं कुत्रं बघितलेलंच नाही. तो कागद मला द्या, आणि कुत्रं तुमच्या घरी कोणी तपासलं ते खरं खरं लिहून द्या. रविवारी माझी नात स्वतः टोचेल, आमच्या जमातीच्या हॉलमध्ये. खरी लस, थंड."

काही बायका ओरडल्या. एक गृहस्थ म्हणाले, पोलिसांत जातो. रत्नप्रभा म्हणाली, "जा. नाव लिहून घ्या. प्रीतम. माझाच मुलगा आहे, पत्ता पण सांगते." गृहस्थ आत गेले. त्यांनी कागद आणून दिला. सुरमईवाली रडायलाच लागली, कारण घरात तान्हं नातवंड होतं आणि कुत्रं त्याच्या पाळण्याखाली झोपायचं. तिच्यापाशी रत्नप्रभा तासभर बसली, तिच्या हातचा चहा प्यायली. तो चहा तिला गोड लागला नाही.

चार दिवसांत पंचवीस कागद जमले. गुडघे सुजले. सव्विसावा कागद सात बंगल्याला चौदाव्या मजल्यावर होता, वसुधाबाईंकडे. तिथं ती मुद्दाम शेवटी गेली.

वसुधाबाई बँकेतून रिटायर झालेल्या, चष्मा, बोलणं तोलूनमापून. मांजर सोफ्यावर. त्यांनी रत्नप्रभाला बसा म्हटलं नाही.

"तक्रार मागं घ्या म्हणून आला असाल तर घेणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या नातीनं माझा विश्वासघात केलाय."

"मागं घेऊ नका. तक्रार बरोबर आहे. पण तुम्ही माणूस चुकीचा धरलाय." रत्नप्रभानं पिशवीतून पंचवीस कागद काढून टेबलावर मांडले, पदराची गाठ सोडून शिक्का त्यांच्यावर ठेवला. "हा शिक्का माझ्या मुलानं बनवला. टोचलं त्याच्या माणसानं. भिंतीवर नंबर मी लिहिला. तुमच्या कागदात तिघांची नावं घाला. नातीचं काढा. ती तिथं नव्हती. होती त्या दिवशी ती भांडली, आणि माझ्यामुळं तिनं घर सोडलं."

वसुधाबाईंनी एकेक कागद उलटून पाहिला. बँकेतली नजर. मग शिक्का उचलून एका कोऱ्या कागदावर उमटवला आणि आपल्या दाखल्याशी ताडून पाहिला.

"बसा," त्या म्हणाल्या. "पाणी आणते."

रविवारी जमातीच्या हॉलमध्ये अशी गर्दी झाली की बाहेर रस्त्यापर्यंत रांग. कुत्री एकमेकांवर भुंकत होती, मांजरं टोपल्यांत गुरगुरत होती, आणि रत्नप्रभाच्या टोपलीतल्या सोड्यांच्या वासानं त्यांतली निम्मी वेडी झाली होती. लसीची पेटी राखायचं काम रत्नप्रभानं कोणाला दिलं नाही. पण बर्फ भरायला ती पुढं सरसावली तेव्हा श्रुतिकानं तिचा हात धरला.

"आजी, बर्फ बाटलीला लागू द्यायचा नाही. गोठली तरी लस बिघडते. मासळी नाही ती."

पन्नास वर्षांत रत्नप्रभाला बर्फातलं कोणी शिकवलं नव्हतं. तिनं हात मागं घेतला आणि बर्फ मधे कपडा घालून भरला.

श्रुतिकानं सकाळी नऊला सुरुवात केली. प्रत्येक जनावर टेबलावर घेऊन ती आधी बघायची. डोळे, हिरड्या, ताप, पोट. दोघांना तिनं टोचलंच नाही. ताप आहे, बरं झाल्यावर आणा म्हणाली. एक मालक हुज्जत घालू लागला, एवढं आलोय तर टोचून टाका. "नाही," ती म्हणाली आणि पुढच्याला बोलावलं. रत्नप्रभा बघत होती. सुबोधनं कधी कोणाला परत पाठवलं नव्हतं.

चौकशी मंगळवारी होती. एका सरकारी दवाखान्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली, लांब टेबल, टेबलापलीकडे परिषदेची तीन माणसं. मधे पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई. श्रुतिकानं आपलं म्हणणं लिहून आणलं होतं, प्रीतमनं पाठवलेला पोस्टरचा फोटो जोडला होता. हॉस्पिटलातला हजेरीचा कागदही होता. वसुधाबाई आल्या होत्या आणि त्यांनी आपली तक्रार सुधारून दिली. मग डॉक्टरीणबाईंनी रत्नप्रभाकडे पाहिलं.

"भिंतीवर नंबर तुम्ही लिहून घेतलात?"

"मी. अंबादासकडून. त्याला काही बोलू नका, तो सांगितलं ते लिहितो."

"तुमच्या नातीची परवानगी होती?"

"परवानगी?" रत्नप्रभानं पदर सारखा केला. "बाई, हिनं गावासमोर माझं नाक कापलं. पूजेच्या दिवशी खुर्चीवर चढून बोर्डावरचा नंबर पुसला. तीनशे माणूस होतं. त्यातली शंभर नावं मी आत्ता सांगते, लिहून घ्या. मी रात्रीतून परत लिहिला, ते पण पुसता येणार नाही अशा रंगानं. तिनं घर सोडलं. याला परवानगी म्हणत असाल तर होती."

टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"का लिहिलात परत?"

घरात रत्नप्रभाला 'का' विचारणारं कोणी नव्हतं.

"मला वाटलं, बोटीसारखं असेल," ती म्हणाली. "नंबर बोटीवर असतो, मग कोणी पण वल्हवो. आता कळलं, तुमच्याकडे तसं नाही. नंबर लिहिलाय म्हणजे त्या नंबराचं माणूस आत आहे, आणि जनावराला हात त्याचाच लागणार. मला हे आधी कोणी सांगितलं नाही असं मी म्हणणार नाही. हिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आणि तुमचा मुलगा?"

"बाहेर बसलाय. शिक्का कोणाकडून बनवला ते सांगेल. नाही सांगितलं तर मला हाक मारा."

डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, अंगठा की सही? रत्नप्रभानं पेन मागून घेतलं. दुसरीत शिकलेली अक्षरं होती. जोडाक्षरं दोन, दोन्ही तिच्याच नावात. खोलीतली सगळी माणसं थांबली, आणि तिनं वेळ घेऊन पूर्ण नाव लिहिलं.

नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी परिषदेचं पत्र आलं. ते श्रुतिकानं ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं, कारण रत्नप्रभानं तसं सांगितलं होतं, आणि ऐकायला अर्धी गल्ली जमवून ठेवली होती. डॉक्टर श्रुतिकांचा कोणताही दोष आढळला नाही. त्यांचं नाव यादीत कायम आहे. नोंदणी नसताना जनावरांवर उपचार केल्याबद्दल आणि खोटे दाखले दिल्याबद्दल संबंधितांवर पोलिसांत तक्रार दाखल होत आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुरमईवाली कुत्र्यासकट आली होती, तिनं पेढे वाटले. प्रीतम रामचंद्रबरोबर आधीच पोलीस चौकीत जाऊन जबाब देऊन आला होता. सुबोधला पोलिसांनी डहाणूहून आणला होता. केस उभी राहणार होती. प्रीतम मागं भिंतीला टेकून उभा होता, आणि कोणी पेढा दिला तर घेत होता.

फ्रेम परत एकवीरेशेजारी लागली. गोदाम नव्यानं पांढरं झालं. हॉस्पिटलातून सुटल्यावर रोज संध्याकाळी सहा ते आठ श्रुतिका स्वतः तिथं बसणार होती. अंबादास ब्रश घेऊन दारात हजर होता. रत्नप्रभानं हात पसरून दाखवलं, एवढं मोठं लिही.

"नाही," श्रुतिका म्हणाली. "बोर्ड छोटा. नाव, शिक्षण, नोंदणी नंबर, बसायची वेळ. बाकी काही नाही. आणि मी नसेन तेव्हा शटर खाली. चावी माझ्याकडे."

"घरात एक चावी नको?"

"नको."

"मला पण नाही?"

"तुला तर मुळीच नाही, आजी."

अंबादासनं मावशीकडे पाहिलं. गल्लीतल्या बायकांनी पाहिलं. रत्नप्रभानं कमरेवर हात ठेवला आणि नातीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"श्रुतिका, ऐक," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुझी वागणूक चांगली नाही. मोठ्यांचा मान तुला ठेवता येत नाही, तोंड तिखट, आणि हट्टाचं तर बोलायलाच नको. चारचौघांत आजीला नाही म्हणतेस. पण या घरात बरोबर तू एकटी होतीस आणि चूक मी होते. हे मी एकदाच सांगणार, परत विचारायचं नाही. आता चावी कमरेला लाव आणि बस आत. पहिलं कुत्रं कधीचं थांबलंय."